शिट्टीवर येणारे मासे

आमच्या गार्डसाहेबांना माणसांशी कसं वागावं ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि याची लाज वाटण्याऐवजी त्यांना अभिमान होता. उभी हयात त्यांनी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्याने बसून नोकरी केली. पुढे इंजिनावर दोन माणसं, मागे हे, आणि मध्ये चाळीस डबे कोळसा. "एवढं अंतर असलं की माणसांशी उत्तम जमतं," असं ते म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांनी मळवली स्टेशनाजवळ चार खोल्या बांधल्या, दोन भाड्याने द्यायचं ठरवलं, आणि भाडेकरू हीसुद्धा माणसंच असतात हे मग त्यांच्या लक्षात आलं.

मी त्यांचा पहिला आणि बहुधा शेवटचा भाडेकरू. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. मी लोणावळ्याच्या शाळेत नवाच मास्तर म्हणून लागलो होतो. लोणावळ्यात जागा होत्या, पण त्या उन्हाळ्यात दोन महिने हवा खायला येणाऱ्या बंगलेवाल्यांसाठी. बारा महिने तीच हवा फुकट खाणाऱ्या मास्तरांसाठी तिथे काही नव्हतं. म्हणून एक स्टेशन मागे आलो. खोली बघायला गेलो तर माझीच मुलाखत सुरू झाली.

"मासे खाता?"

"छे छे! आमच्या घरी कांदासुद्धा..." मी मान ताठ केली.

"म्हणजे माशांतलं तुम्हाला काही कळणार नाही. असो. पोहता येतं?"

"येतं."

"ओरडता येतं?"

"मी मास्तर आहे," मी म्हटलं.

"झालं तर. दर रविवारी दुपारी दोन ते चार ड्यूटी. मंजूर असेल तर सामान आणा."

कसली ड्यूटी, हे विचारायची माझी छाती झाली नाही. खोली मोठी होती, खिडकीतून लोहगड दिसत होता आणि शेजारी दुसरं कुणी नव्हतं.

पहिल्याच रविवारी कळलं. घरापासून पाऊण मैलावर, रेल्वेच्या पुलाच्या वरच्या अंगाला इंद्रायणीचा एक डोह होता. मावळात पाऊस पडतो तो असा की घरात कपडे वाळत नाहीत, आणि एप्रिल-मे आला की नदी कुठे गेली ते शोधावं लागतं. नुसते गोटे उरतात. तेव्हा सगळ्या पात्रातले मासे जीव मुठीत धरून, त्यांना मूठ असती तर, या एका डोहात जमत. पाऊस आला की तिथूनच वर-खाली ओढ्यांना, भातखाचरांना पसरत. म्हणजे उन्हाळ्यात हा डोह उपसला की मैल-दोन मैल नदी मेली. एवढं सोपं गणित होतं. मामलेदारापासून तलाठ्यापर्यंत कुणालाही ते येत नव्हतं. मालगाडीच्या गार्डाला आलं.

त्यांनी डोहाच्या दोन टोकांना दोन धोंडे चुन्याने रंगवले आणि जाहीर केलं, की या दोन धोंड्यांमध्ये जाळं नाही, गळ नाही, गेळाची फळं कुटून पाणी विषारी करणं नाही. हा कायदा कुणी केला? यांनी. अंमलबजावणी कुणाची? यांची. अधिकार काय? जुना काळा कोट, पितळी बटणं, एक शिट्टी आणि एक तांबडं निशाण. खांद्यावर जाळं टाकून कुणी उतरताना दिसला की हे खडकावर उभे राहून शिट्टी फुंकत आणि निशाण आडवं धरत. आणि गंमत अशी की माणूस थांबायचा! रुळांच्या शेजारी जन्म काढलेल्या लोकांचे पाय तांबड्या कापडासमोर आपोआप थांबतात. मग ते शिव्या देत, पण थांबून देत.

पाण्यात सुरुंग उडवून मासे मारण्याची भीती नव्हती, ती मात्र सरकारच्या कृपेने. मागे एकदा कुणीतरी तिथे एक बार उडवला, तर पूल उडवायला क्रांतिकारक आले म्हणून लोणावळ्याहून बंदुकवाले शिपाई धावले आणि चार दिवस नदीकाठ हुंगत बसले. सरकारचं पुलावर फार प्रेम. त्या प्रेमाची सावली माशांवर पडत होती एवढंच.

आता दुसरी गोष्ट ऐका. हा माशांचा कैवारी जातीने, पोटाने, स्वप्नानेसुद्धा मासेखाऊ होता. कोकणातला जन्म. दर रविवारी सकाळच्या गाडीने कुणी जुना गार्डमित्र फडक्यात बांधून काहीतरी पाठवायचा, आणि बाराच्या सुमाराला स्वयंपाकघरातून असा वास सुटायचा की मी खिडकी उघडून लोहगडाकडे तोंड करून बसायचो. भरपूर जेवून ते दोन वाजता घोरायला लागत. त्यांनी मासे खाऊन झोपावं आणि कांदाही न खाणाऱ्याने उन्हात उभं राहून मासे राखावेत, अशी त्या ड्यूटीची वाटणी होती. एकदा मी चिडून विचारलं, "हे कुठलं तत्त्वज्ञान?"

"समुद्रातला मासा मला ओळखत नाही," ते दात कोरत म्हणाले. "इथल्या प्रत्येकाचं तोंड माझ्या ओळखीचं आहे. ओळखीच्याला खाता येतं का? तुम्ही सांगा."

खरोखरच ओळखीचं होतं. डोहात खडस जातीचे मासे होते, हातभर लांब, पितळी खवल्यांचे, जाड ओठांचे. त्यांना नावं होती. एक सगळ्यांच्या आधी पोचायचा तो 'मेल'. दोन कायम जोडीने फिरत ती 'डबल इंजिन'. आणि एक म्हातारी, सगळ्यांत मोठी, शेपटीचा एक कोपरा फाटलेली. ती नेहमी सगळ्यांच्या शेवटी, सावकाश, कपारीतून बाहेर यायची. तिचं नाव 'मालगाडी'. बायकोबद्दल गार्डसाहेब कधी बोलले नाहीत. ती लवकर गेली, एवढंच मला ठाऊक. पण मालगाडीबद्दल ते अर्धा तास बोलू शकत, आणि बोलत, आणि मला ऐकावं लागे.

गावाशी त्यांचं कसं जमलं हे एक आश्चर्यच. भाजे गावच्या सखूमावशी घाटावर धुण्याला यायच्या. अंगाने काटक, तोंडाने फटकळ, नदीकाठच्या सगळ्या बायकांच्या पुढारी. पहिल्या वर्षी त्यांनी टोपली लावून मासे धरायला घेतले तर यांनी निशाण दाखवलं.

"आबा, नदी काय तुमच्या बापाची हाय व्हय?" मावशींनी विचारलं.

"बापाची असती तर त्याने विकली असती. कुणाचीच नाही म्हणून तर राखावी लागते."

मावशी कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बोलाय लय शाना हाय. लिवाय येतं का?" येत होतं. तेव्हापासून तह झाला. भाज्याची, आसपासच्या वाड्यांची सगळी पत्रं आणि कचेरीतले अर्ज गार्डसाहेब लिहून देणार, आणि धोंड्यांच्या आत कुणी हात घालणार नाही. धोंड्यांच्या बाहेर काय ते करा. तीन पावसाळे गेले आणि ओढ्याला, खाचरांना इतके मासे चढायला लागले की मावशी स्वतःच इतरांना सांगू लागल्या, "डोव्हातलं राकलं म्हून वढ्याला आलं. अक्कल न्हाई का तुमास्नी?" निशाणापेक्षा ते जास्त चालायचं.

इथवर सगळं ठीक होतं. इथे थांबले असते तर शहाणा माणूस म्हणून गेले असते. पण माणसांशी न जमणाऱ्या माणसाला एकदा प्रेम करायला काही मिळालं की तो वाहवत जातो. गार्डसाहेब रोज संध्याकाळी साडेपाचला खडकावर बसून शिट्टी वाजवत आणि मुठीने फुटाणे टाकत. पाण्यावर काळ्या पाठीच पाठी. मासे इतके धीट झाले की हातातून फुटाणा घेत. बघायला लोक येऊ लागले. लोणावळ्याचे बंगलेवाले, पुण्याची मंडळी, कार्ल्याची लेणी बघून झाल्यावर उरलेल्या वेळाचं काय करायचं हे न सुचलेले पाहुणे. आणि ज्याने जन्मभर प्रेक्षकाशिवाय काम केलं तो आमचा गार्ड कोट झटकून, मिशीला पीळ देऊन खेळ करू लागला. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मी शाळेची सहल नेली आणि वर मुलांकडून 'प्राण्यांवरील प्रेम' हा निबंध लिहून घेतला!

त्या प्रेक्षकांत एकदा खडीचा कंत्राटदार आला. रेशमी रुमाल, सोन्याची साखळी, प्रत्येक वाक्याला 'वा गार्डसाहेब'. म्हणाला, "वा गार्डसाहेब! पण हे तुमच्याच शिट्टीला येत असतील?"

"कुणाच्याही," गार्डसाहेब फुलून म्हणाले. "वाजवा, वाजवून बघा." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने शिट्टी त्याच्या तोंडात दिली. मासे आले. कंत्राटदाराने टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या.

एप्रिलअखेरच्या एका रविवारी दुपारी तीनला मी ड्यूटीवर होतो. नदी आटून डोह तेवढा उरला होता. कंत्राटदार आला. बरोबर खाकी टोपीतला एक गोरा साहेब आणि चार गडी. गड्यांच्या डोक्यावर टोपल्या होत्या, त्यांवर फडकी. टोपल्यांत साहेबाचं खाणं असेल असं मी समजलो. समजायला मास्तराइतकं पटाईत कोण? साहेबाने पुढे होऊन माझा हात हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा गोऱ्या माणसाने माझ्याशी हस्तांदोलन केलं होतं. कंत्राटदार म्हणाला, "मास्तर, साहेबांना मासे बघायचेत. जरा बोलवा ना."

मी बोलावले. लपवून काय करू? मीच शिट्टी फुंकली, मीच फुटाणे टाकले, वर इंग्रजीतून माहितीही दिली, व्याकरण सांभाळून. मेल आला, डबल इंजिन आलं, पाठोपाठ बाकीचे येऊ लागले. मग टोपल्यांवरची फडकी निघाली, खाली जाळी होती, आणि चार गड्यांनी चार बाजूंनी ती एकदम फेकली. मी ओरडलो. ओरडता येतं का, असं मला आधीच विचारलेलं होतं. येत होतं, पण आता त्याचा काय उपयोग? तांबडं निशाण हातात धरून मी खडकावर नाचत होतो आणि साहेब मला हसून मान डोलवत होता, बहुधा हाही खेळाचाच भाग समजून. टोपल्या भरल्या. "व्हेरी गुड," साहेब म्हणाला. "नेक्स्ट संडे अगेन." पुढच्या रविवारी तो आणखी दोन मित्रांना आणणार होता.

गार्डसाहेब चारला आले. खडकावर खवले पडले होते. त्यांनी ते बघितले, पाण्याकडे बघितलं, मग मला विचारलं, "शिट्टी कुणी वाजवली?"

"मी."

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते खडकावर बसले आणि साडेपाच वाजता शिट्टी वाजवली. आठ-दहा मासे आले. आणि सगळ्यांच्या मागून, नेहमीसारखी उशिरा, मालगाडी आली. उशिरा यायची सवय म्हणून वाचली होती. म्हातारा तोंड दाबून रडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी ते वडगावला कचेरीत गेले. स्वतःच्या सुंदर अक्षरात अर्ज. तिथल्या कारकुनाने विचारलं, "मासे तुमच्या मालकीचे का?" नाही. "डोह तुमचा?" नाही. "मग तुमचं नुकसान काय झालं?" अर्ज ठेवून घेतला गेला. तो अजूनही तिथे असेल, सरकारी कचेरीत वस्तू फार जपतात.

मंगळवारी सकाळी त्यांनी मला उठवलं. "मास्तर, शाळेला उशीर झाला तरी चालेल. चला. पाच दिवस आहेत."

"कशाला?"

"शिकवलेलं विसरायला लावायचंय. तुमचाच धंदा आहे."

योजना साधी होती. मी शिट्टी वाजवायची, फुटाणे टाकायचे, मासे वर आले की त्यांनी दगड मारायचे. मी शिट्टी वाजवली. मासे आले. गार्डसाहेबांनी दगड उचलला आणि असा मारला की तो माशांपासून चार हात लांब पडला. दुसरा पाच हात. तिसऱ्याला तर त्यांनी डोळेच मिटले. मासे आपले निवांत फुटाणे खात राहिले.

पलीकडे धुणं आपटणाऱ्या सखूमावशींनी हात थांबवला. "आबा, डोस्कं फिरलं का काय? पोरांवानी दगडं काय मारताय?"

गार्डसाहेबांनी सगळं सांगितलं. रविवारी परत येणार हेही सांगितलं. मावशींनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "आन् हे असं मारताय? असं मारल्यालं त्यास्नी कळंल तरी का? त्यास्नी वाटंल, आज फुटाणं जरा मोटं हायती!"

"लागेल ना त्यांना, मावशी."

"लागाय पायजे! न लागता कोन शिकलंय?" आणि मावशींनी पदर खोचला. "ए पोरींनो, या गं हिकडं. धुनं र्‍हाऊंदे."

पुढचे पाच दिवस मावळात जो प्रकार चालला तो मी कुठल्या अहवालात लिहिला नाही. एक शाळामास्तर सकाळ-संध्याकाळ शिट्टी फुंकतो आहे, सात-आठ बाया कासोटा मारून माशांवर दगडांचा पाऊस पाडताहेत, आणि पितळी बटणांचा म्हातारा मागे उभा राहून "हळू गं, डोक्यात नको, डोक्यात नको" म्हणून कळवळतो आहे. पुलावरून जाणाऱ्या गाडीतले लोक खिडकीतून माना काढून बघत. बुधवारी मासे दचकू लागले. गुरुवारी निम्मेच आले. शुक्रवारी एक फुटाणा खाऊन पळाले. शनिवारी संध्याकाळी मी शिट्टी वाजवली, आणि पाणी हललं, पण उलट्या दिशेने. सगळे तळाच्या कपारीत गेले. मावशी म्हणाल्या, "शाळा सुटली."

रविवारी साहेब दोन मित्रांसह आला. कंत्राटदाराने रुपेरी शिट्टी आणली होती, नवीकोरी. गार्डसाहेब त्या दिवशी जेवले नव्हते की झोपले नव्हते. पूर्ण पोषाखात खडकावर उभे होते, हात मागे. निशाणसुद्धा दाखवलं नाही. कंत्राटदाराने शिट्टी वाजवली. फुटाणे टाकले. काही नाही. पुन्हा वाजवली. मग इतक्यांदा वाजवली की त्याचं तोंड लाल झालं आणि साखळी पोटावर उड्या मारू लागली. साहेबाने घड्याळ पाहिलं. चिडून गड्यांना जाळी फेकायला लावली, ती तळच्या कपारींच्या धारेला अडकली आणि फाटून वर आली. दोन खेकडे मिळाले.

"कुठे गेले मासे?" कंत्राटदार गार्डसाहेबांवर ओरडला.

"गाडी रद्द," गार्डसाहेब म्हणाले. "चौकशी स्टेशनवर करा."

घाटावर बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. साहेबमंडळी गेली ती पुन्हा आली नाहीत; कंत्राटदाराने त्यांना दुसरीकडे कुठेतरी बदकं मारायला नेल्याचं कानावर आलं. मी इतका हुरळलो की गार्डसाहेबांच्या पाठीवर थाप मारली. "जिंकलात की!"

बाया गेल्या, उन्हं उतरली. ते खडकाच्या टोकाशी उकिडवे बसले, खिशातून मूठभर फुटाणे काढले आणि शिट्टी न वाजवता हळूच पाण्यात सोडले. मी म्हटलं, "अहो, हे काय?"

"बघतोय फक्त."

फुटाणे तरंगत राहिले. बराच वेळ काही झालं नाही, आणि त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मग खालून एक मोठी सावली वर आली. सावकाश. शेपटीचा कोपरा फाटलेला. बाकी सगळी शाळा शिकली होती, ही एकटी नापास. ती खडकापर्यंत आली, तोंड पाण्याबाहेर काढलं आणि त्यांच्या बोटांजवळ येऊन थांबली, हातातून घ्यायची सवय होती म्हणून.

गार्डसाहेबांनी एकदा तिच्या ओठांना बोट लावलं. मग दुसऱ्या हाताने शेजारचा दगड उचलला आणि डोळे उघडे ठेवून, पूर्ण ताकदीने तिच्या पाठीवर मारला. पाणी आमच्या तोंडावर उडालं. "जा!" ते ओरडले. "मर तिकडे! पुन्हा आलीस तर बघ!" ती गेली. ते आणखी किती वेळ दगड मारत होते, पाण्यात कुणी नसताना. शेवटी मी त्यांचा हात धरला. मला रडू आवरलं नाही. त्यानंतर ते सात-आठ वर्षं जगले, पण डोहावर कधी गेले नाहीत. चुना लावायचं काम मावशींकडे गेलं, रविवारची ड्यूटी माझ्याकडे राहिली.

ते गेल्यावरही मी अधूनमधून त्या खडकावर जाऊन बसतो. पाणी स्तब्ध असतं. कधी पुण्याकडचे कुणी गळ घेऊन येतात, तास-दोन तास बसतात, आणि मी तिथलाच दिसतो म्हणून मला विचारतात, "काय हो, या डोहात मासे नाहीत वाटतं?"

"एकही नाही," मी सांगतो.